पुण्याला जावे, पण कामाशिवाय

शिरूर काय किंवा दौंड काय, या दोन तालुक्यांतील माणसाला पुणे अपरिचित आहे असे कोणी म्हणणार नाही. शिरूरहून नगर रस्त्याने पुणे पासष्ट-सत्तर किलोमीटर, दौंडहून लोहमार्गाने साधारण पंचाहत्तर. पहाटे निघालेला माणूस कचेऱ्या उघडण्याच्या सुमारास पुण्यात पोहोचतो आणि रात्री जेवायला घरी असतो. जमिनीच्या दाव्याची तारीख, जिल्हाधिकारी कचेरीतील दाखला, मार्केट यार्डातील मालाची पट्टी, लग्नाचा बस्ता, इस्पितळातील नातेवाइकाचा डबा, अशा शंभर कारणांनी आपण पुण्याच्या पायऱ्या झिजवीत असतो. आणि तरीही आपण पुणे पाहिलेले नसते, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

हे विधान मी अनुभवावरून करीत आहे. आमच्या महाविद्यालयाची एक दिवसाची पुणे सहल ठरत असताना मी प्रथम वर्षाच्या वर्गात विचारले, ‘पुण्याला गेलेले कोण कोण?’ जवळजवळ सगळे हात वर आले. मग विचारले, ‘काही काम नसताना, केवळ पुणे पाहायला गेलेले कोण?’ हात भराभर खाली आले, पाच-सहाच राहिले. भीमेपलीकडच्या दौंड तालुक्यातील एका गावाहून येणारी एक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘सर, आई ससूनला होती तेव्हा मी सतरा दिवस पुण्यात होते. पण शनिवारवाडा काही बघितला नाही.’

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तिने केवळ वस्तुस्थिती सांगितली. परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकाला त्या वाक्यात बरेच काही ऐकू येते. शेकडो मैलांवरून येणारा प्रवासी पुणे पाहून जातो आणि ज्याच्या शेतातील भाजी पुण्याच्या ताटात रोज वाढली जाते, त्याला ते दिसत नाही. याचे कारण अंतर नव्हे आणि तिकिटाचे पैसेही नव्हेत. हातावर पोट असणाऱ्याला किंवा गोठ्यात चार जनावरे असणाऱ्याला ‘दिवस मोडणे’ ही सर्वांत महाग वस्तू असते. असा मोडलेला दिवस तो फक्त आजारपणाला, न्यायालयाला आणि सरकारला देतो. पाहण्यासाठी दिवस द्यायचा असतो, ही कल्पनाच त्याला चैनीची वाटते.

दिवसाचे अंदाजपत्रक

म्हणून ज्यांच्या वाट्याला असा एखादा दिवस येतो, त्यांनी तो कसा खर्च करावा, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. सकाळी सहाला निघून रात्री नऊला परत यायचे, म्हणजे हाती पंधरा तास. वाघोलीची किंवा हडपसरची गर्दी धरली तर जाण्या-येण्यात पाच तास जातात. खाणे, चहा, हातपाय धुणे यांत दोन तास. शहरातल्या शहरात फिरण्यात आणखी दोन. उरले सहा तास. आणि सहलीच्या यादीत नावे किती? शनिवारवाडा, लालमहाल, कसबा गणपती, विश्रामबागवाडा, केळकर संग्रहालय, पाताळेश्वर, शिंदे छत्री, आगाखान महाल, पर्वती, सारसबाग आणि वेळ उरल्यास आणखी काही. भागाकार केला की एकेका स्थळाला जेमतेम अर्धा तास येतो. त्यात रांग लावणे, तिकिटे काढणे आणि मुले मोजणे वजा करावे.

दोन वर्षांपूर्वी मीच अशी अकरा नावांची यादी केली होती. एका संग्रहालयाच्या दाराशी पोहोचल्यावर समजले की त्या दिवशी तेथे साप्ताहिक सुट्टी आहे. मुलांनी समोरच्या पदपथावर बसून डबे खाल्ले. चूक माझी होती. आधी चौकशी करायला हवी होती. पण परतताना लक्षात आले की उघड्या असलेल्या दहा ठिकाणांपैकी मुलांच्या मनात एकही उतरले नव्हते. ती दारातून आत गेली होती, छायाचित्रे काढली होती आणि शिट्टी वाजताच बाहेर आली होती.

साधन मर्यादित असले की निवड करावी लागते आणि निवड म्हणजे त्याग, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. एका वस्तूसाठी जी दुसरी सोडावी लागते, तिला आम्ही वर्गात वैकल्पिक खर्च म्हणतो. सहलीच्या बाबतीत मात्र आम्ही स्वतःच तो विसरतो आणि सगळेच पदरात पाडून घ्यायला जातो. या वर्षी मी चारच ठिकाणे निवडली. निवडीची कसोटी अशी की, जेथे पुण्याच्या इतिहासात आपल्या तालुक्याचे पाऊल उमटले आहे, तेथेच जायचे. आगाखान महाल सोडताना मन कचरले. १९४२ ते १९४४ या काळात गांधीजी तेथे स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचा अंत तेथेच झाला. परंतु त्याग खरा असायचा तर सोडलेल्या वस्तूलाही किंमत असावी लागते. तो महाल पुढच्या वर्षासाठी ठेवला.

इनामगावचा माणूस येरवड्यास

नगर रस्त्याने जाताना इतिहास पुण्यापूर्वीच सुरू होतो. कोरेगाव भीमाच्या पुलावरून बस नदी ओलांडते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनीची एक पलटण शिरूरच्या छावणीतून पुण्याच्या मदतीला निघाली होती; दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८१८ रोजी, याच ठिकाणी तिची पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली. त्या पलटणीत महार सैनिकांचा मोठा भरणा होता. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी येथील स्तंभाला अभिवादन करण्यास आले आणि त्या दगडाला नवा अर्थ प्राप्त झाला. ज्या रस्त्याने आपण दाखले आणायला जातो, त्याच रस्त्याने ती पलटण चालत गेली होती, एवढे सांगितल्यावर बसमधील गाणी आपोआप थांबली.

आमचे पहिले ठिकाण येरवड्याचे डेक्कन कॉलेज. सहलीच्या याद्यांत हे नाव सहसा नसते. घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे या संस्थेने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावे त्या कामाशी निगडित आहेत. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव तेथे उजेडात आले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, चुली, बळदे आणि रंगीत मडकी सापडली. जवाचे दाणे मिळाले. पुराचे पाणी वळवून शेताला देण्यासाठी खणलेला पाट आणि घातलेला बांधही मिळाला. एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण होता आणि त्यात बसलेल्या स्थितीत पुरलेला एक माणूस. तो गावचा प्रमुख असावा, असा तज्ज्ञांचा तर्क आहे.

पुढे पाऊसमान घटत गेले. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आकसली, लोक जनावरांमागे भटकू लागले आणि इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमारास गाव ओस पडले, अशी मांडणी संशोधकांनी केली आहे. दुष्काळाने गाव उठण्याची ही गोष्ट आमच्या मुलांना शिकवावी लागली नाही. ती त्यांनी घरी ऐकलेली आहे. संग्रहालयातील इनामगावच्या मडक्यांसमोर इनामगावच्याच शेजारचा एक विद्यार्थी बराच वेळ उभा होता. त्याने मला विचारले, ‘सर, हे आमचंच का? मग हे आमच्याकडं का नाही?’

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सरळ नाही. वस्तू नीट जपायच्या तर शास्त्रीय व्यवस्था हवी आणि ती व्यवस्था शहरात आहे. ज्यांनी उन्हातान्हात पंधरा वर्षे खपून हे गाव उजेडात आणले, त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु ज्या तालुक्यातून हे सर्व निघाले, त्या तालुक्यातील शाळांत त्याचे एखादे चित्रही लागलेले नसावे, यात दोष आमचा आहे. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, अशी आमची ठाम समजूत आहे. पाट खणणारा माणूसही इतिहासात असतो, हे आम्हाला येरवड्यास येऊन कळते.

रिकामा वाडा

बस तेथेच सोडून आम्ही मेट्रोने महापालिकेपर्यंत आलो आणि नव्या पुलावरून मुठा ओलांडून शनिवारवाड्यापाशी पोहोचलो. पुलावर मुलांनी नाके दाबली. मी त्यांना म्हटले, हे पाणी नीट पाहून ठेवा, संध्याकाळी त्याची आठवण काढू.

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. खर्च १६,११० रुपये झाला, असे सांगितले जाते. दिल्ली दरवाज्याचे अणकुचीदार खिळे पाहून आत गेलेली मुले दहा मिनिटांत माझ्याभोवती जमली. ‘सर, आत काहीच नाही हो!’ खरेच काही नाही. १८२८ च्या आगीत वाडा जळाला. उरली ती जोती, तटबंदी आणि हजारी कारंजाचा हौद. मोठ्या अपेक्षेने आलेल्या माणसाची येथे निराशा होते. मला मात्र अर्थशास्त्र शिकवायला याहून चांगली जागा सापडलेली नाही. जळून गेलेला वाडा आपला हिशेब उघडा करून बसलेला आहे.

मी मुलांना जोत्यावर बसवून विचारले, हे बांधायला पैसा कोठून आला? चौथाई आणि सरदेशमुखी ही शाळेतील उत्तरे आली. मग हळूहळू शेतसारा आला, सावकार आले. पहिला बाजीराव उत्तरेकडे दौडत होता तेव्हा त्याच्या मागे कर्जाचा केवढा डोंगर होता, हे त्याने ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून दिसते. नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने या वाड्यापर्यंत आणि शहरातील हौदांपर्यंत पाणी आणले गेले. ते काम आजही कौतुकास पात्र आहे. परंतु शहराला दुरून पाणी आणावे लागते आणि त्याचा खर्च गावांच्या वसुलातून निघतो, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे. पराक्रमाचा अभिमान जरूर बाळगावा. त्याबरोबर त्या पराक्रमाचा सारा कोणी भरला, हेही पाहावे. मुलांपैकी बहुतेकांचे पूर्वज या वाड्यात कधी आले नसतील. त्यांचे धान्य मात्र आले होते.

कर्ड्याचे कर्ज आणि गंज पेठेतील घर

तेथून बुधवार पेठेतून चालत निघालो. वाटेत भिडेवाड्याची जागा लागते. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तेथे मुलींची शाळा सुरू केली. ती जीर्ण वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आली. गंज पेठेतील, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेतील, फुल्यांचे घर मात्र जतन केलेले आहे. घर लहान, कौलारू, शेणामातीच्या अंगणाची आठवण करून देणारे. मुले येथे मोकळी झाली, कारण हे घर त्यांच्या आजोळच्या घरासारखे होते. अंगणातील हौद पाहून ती थांबली. १८६८ साली जोतीरावांनी हा हौद अस्पृश्यांना खुला केला.

येथे मी त्यांना कर्ड्याची गोष्ट सांगितली. कर्डे हे शिरूर तालुक्यातील गाव. डिसेंबर १८७४ मध्ये तेथील काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांच्या कर्जापोटी घर ताब्यात घेण्याचा हुकूमनामा मिळविला. गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांची शेते करायची नाहीत, पाणी भरायचे नाही. हा बहिष्कार गावोगाव पसरला आणि १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा पेटला. लोकांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. वह्या आणि रोखे मिळतील तेथे जाळले गेले. आजच्या दौंडचा बराच भाग जुन्या भीमथडीतला, म्हणजे हा उठाव आमच्या दोन्ही तालुक्यांचा. त्यातून चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. १८८३ साली जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो या अशा परिस्थितीत.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ग्रामीण कर्जबाजारीपणावर एक प्रकरण असते. मुले ते परीक्षेपुरते पाठ करतात. आपल्या शेजारच्या गावातील दीडशे रुपयांच्या कर्जाने देशाच्या कायद्यात बदल घडविला, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. कर्ड्याच्या वाटेवरून रोज महाविद्यालयात येणारा एक विद्यार्थी वहीत काही लिहून घेत होता. परीक्षेचा विषय नसताना मुलांना लिहून घेताना मी क्वचितच पाहिले आहे.

पर्वतीवरून

संध्याकाळी पर्वतीच्या पायथ्याशी बस आली. शंभराहून अधिक पायऱ्या चढून वर गेलो. नानासाहेबांनी बांधलेले देवदेवेश्वराचे मंदिर, पानिपतानंतर १७६१ साली येथेच झालेला त्यांचा अंत, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी येथून खडकीची लढाई पाहणारा दुसरा बाजीराव, हे सर्व मार्गदर्शक सांगतात. मी त्यांना पायऱ्यांविषयी सांगितले. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी येथे सत्याग्रह झाला. ज्या पायऱ्या आम्ही नुकत्याच धापा टाकीत, थट्टा करीत चढलो होतो, त्या चढण्यासाठी काही माणसांना मार खावा लागला होता. पाहण्याचा अधिकार हाही एकेकाळी लढून मिळवावा लागला आहे. आपण तो न वापरता घरी बसलो, तर त्या माणसांचे श्रम व्यर्थ जातात.

पर्वतीखालून खडकवासल्याचा उजवा कालवा जातो. दौंड तालुक्यातील मुलांना तो दाखवला तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. ज्याच्या आवर्तनाची त्यांचे वडील रात्र-रात्र वाट पाहतात, तो कालवा शहराच्या घरांमधून असा वाट काढीत येतो, हे त्यांनी पाहिले नव्हते. त्याच धरणांचे पाणी शहरही पिते. शहर वाढते तसा त्याचा वाटा वाढतो आणि कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. शहराने वापरलेले पाणी मुठेतून मुळा-मुठेत आणि तेथून वाळकी व रांजणगाव सांडस यांच्याजवळ भीमेला मिळते. एका काठावर दौंड, दुसऱ्या काठावर शिरूर. सकाळी पुलावर ज्या पाण्याने मुलांनी नाके दाबली होती, ते पाणी त्यांच्याच गावाला निघाले होते. मी काही न बोलता त्यांच्याकडे पाहिले. ती ससूनची मुलगी म्हणाली, ‘म्हणजे पुणं रोज आपल्याकडं येतंच की, सर.’

याहून चांगला समारोप मला करता आला नसता.

काही सूचना

एका दिवसाच्या सहलीतून मोठे सिद्धान्त काढू नयेत, हे खरे. तथापि काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली शहराला. ऐतिहासिक स्थळांच्या व्यवस्थापकांनी एकाच दिवसासाठी आलेल्या पाहुण्याचा विचार अधिक करावा. कोणते ठिकाण कोणत्या वारी बंद असते आणि केव्हा उघडते, याचा एकच मोठा, मराठीतला फलक स्वारगेट, शिवाजीनगर आणि पुणे स्थानक येथे लागला, तर कित्येकांचे दिवस वाया जाणार नाहीत. सावलीत बसून डबा खाण्याची जागा, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह या सोयी काही चैनीच्या नव्हेत. वस्तूखालच्या पाटीवर ती ज्या गावाहून आली त्या गावाचे नाव ठळक असावे. त्याला एक पैसाही जास्त लागत नाही.

दुसरी सूचना आम्हा अध्यापकांना. यादी लहान करावी, अभ्यास मोठा करावा. न वाचता नेलेली सहल म्हणजे न पेरता केलेली मळणी.

तिसरी सूचना माझ्या दोन्ही तालुक्यांतील वाचकांना. वर्षातून एक दिवस असा काढा की घरात कोणी आजारी नाही, न्यायालयात तारीख नाही, कोणत्या कचेरीत अर्ज नाही. त्या दिवशी पुण्याला जा. हातात फायलीची पिशवी नसलेला माणूस मान वर करून चालतो आणि शहर पाहायचे तर मान वर असावी लागते. सोबत आपल्या म्हातारीला न्या, मुलीला न्या. दोनच ठिकाणे पाहा, पण बसून पाहा. येथे आपले काय आहे, हे विचारा.

तो दिवस मोडला असे कोणी म्हणाले तर म्हणू द्यावे. आमच्या शास्त्रात उपभोग आणि गुंतवणूक यांत फरक केला जातो, आणि हा दिवस कोणत्या खात्यावर लिहायचा याबद्दल माझ्या मनात संदेह उरलेला नाही.